पाणबुडीतल्या माणसाची आठवण

४ डिसेंबर २०२३ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर नौदल दिन थाटामाटात साजरा झाला. युद्धनौका आल्या, पंतप्रधान आले, राजकोट किल्ल्यावर शिवरायांचा पुतळा उभा राहिला. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही न टिकलेल्या त्या उत्सवाबद्दल आम्ही वेगळे काय लिहावे?

आमचा प्रश्न दुसरा आहे. ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. १९६७ साली याच दिवशी ‘कलवरी’ ही भारताची पहिली पाणबुडी नौदलात दाखल झाली. या दिवसाची किनाऱ्यावर किती जणांना आठवण असते? १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत स्फोट होऊन ‘सिंधुरक्षक’ बुडाली. १८ नौसैनिक प्राणाला मुकले. दुसऱ्याच दिवशी देशभर झेंडावंदन झाले. त्या अठरांतले एक तरी नाव आपल्या मुलांना ठाऊक आहे काय?

पाणबुडीत सारे एकाच हवेवर जगतात. एकाची चूक सर्वांना बुडवते. तिथे जात विचारून भागत नाही. तोच नाविक निवृत्त होऊन गावी येतो, तेव्हा गाव आधी त्याची वाडी विचारते. संविधानाच्या कलम ५१(क) मध्ये देशरक्षणाचे कर्तव्य सांगितले आहे आणि त्याला लागूनच बंधुभावाचे. पहिले कर्तव्य नाविकाने बजावले. दुसरे गावाने कधी बजावायचे?

येत्या ८ डिसेंबरला मालवण तालुक्यातील शाळांनी पुढाऱ्याऐवजी माजी पाणबुडी नाविकाला बोलवावे. हार नको, मानाची खुर्ची द्यावी आणि मुलांना त्याचे ऐकू द्यावे. देशभक्तीला आम्ही एवढेच मागतो.