पहिला कोण, पुढे कोण आणि खनिज कोणाचे?

एटापल्लीसारख्या तालुक्याच्या गावी पोलीस वा तलाठी भरतीची तयारी करणारा तरुण जे मार्गदर्शक पुस्तक उशाशी घेऊन झोपतो, त्यात ‘पहिले’ आणि ‘सर्वांत मोठे’ यांचे एक प्रकरण हमखास असते. पहिला संगणक कोणता, पहिली मोटार कोणाची, सर्वाधिक मोटारी विकते कोण? प्रश्न एका ओळीचा, उत्तर एका शब्दाचे. २०२१ पासून सुरजागडच्या डोंगरातील लोहखनिज भरून आलापल्लीकडे जाणारे ट्रक याच तरुणाने पाहिले आहेत. त्यांच्याविषयी मात्र पुस्तकात प्रश्न नाही.

‘पहिला’ हा मान वाटतो तितका निर्विवाद नसतो. भारतातील पहिला संगणक म्हणून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५५ साली इंग्लंडहून आलेल्या यंत्राचे नाव घेतले जाते. ते विकत आणलेले होते. देशात बांधलेला म्हणाल, तर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली कार्यान्वित केलेला ‘टिफ्रॅक’ पुढे येतो. प्रश्नातील क्रियापद बदलले की उत्तर बदलते. अमेरिकेत हा वाद न्यायालयापर्यंत गेला. ‘एनियॅक’ या यंत्राचे पेटंट १९७३ साली रद्द झाले. त्यातील मूळ कल्पना अटानासॉफ नावाच्या प्राध्यापकाच्या आधीच्या कामातून घेतलेली आहे, असे न्यायाधीशांनी मानले. परंतु तोवर बाजार आयबीएमच्या ताब्यात गेलेला होता, आणि आयबीएम तर या शर्यतीत पहिली कधीच नव्हती. मोटारीची कथा निराळी नाही. बेन्झचे पेटंट १८८६ सालचे. पण मोटार सामान्य अमेरिकन कुटुंबाच्या आवाक्यात आणली ती १९१३ साली जोडणीचा सरकता पट्टा कारखान्यात बसविणाऱ्या फोर्डने.

यावरून धडाडीच्या उद्योजकाची आरती ओवाळण्याची प्रथा आहे. आपल्याकडील हिशेब त्याहून बोलका आहे. बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स १९४२ सालची, वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ सालची. पहिलेपणाचा मान त्यांनी आपापसांत वाटून घ्यावा. मुख्यत्वे या दोघांनी परवान्यांच्या भिंतीआड बाजार सांभाळला आणि गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षे रांगेत उभे केले. त्या भिंतीला समाजवाद्यांनीही दगड पुरविले होते, हे मोकळेपणाने कबूल केलेले बरे. भिंत पाडली ती सरकारच्याच मारुतीने. १९८३ च्या डिसेंबरात तिची पहिली मोटार रस्त्यावर आली, तेव्हा सुझुकीचा वाटा अवघा २६ टक्के होता; उरलेला धोका जनतेच्या पैशाने पत्करला होता. २००७ साली सरकार त्यातून पुरते बाहेर पडले, आणि आघाडी मात्र सुझुकीच्या पदरात राहिली.

संगणकांतही हेच घडले. जनता राजवटीत जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना, १९७८ साली आयबीएमने भारत सोडला. भागभांडवलातील भारतीय हिश्श्याची कायद्याने घातलेली अट तिला मान्य नव्हती. तिने मागे ठेवलेली यंत्रे चालू ठेवण्याचे किचकट काम सीएमसी या सरकारी कंपनीने अंगावर घेतले. त्या कंपनीचे ५१ टक्के भाग २००१ साली टाटांना विकण्यात आले. काम कसे करायचे ते सार्वजनिक पैशाने शिकायचे, आणि शिकून झाले की दुकान दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे, असा हा परिपाठ आहे.

विदर्भात आयबीएम ही अक्षरे उच्चारली की जुन्या खाणवाल्याला अमेरिकन कंपनी नव्हे, नागपूरचा भारतीय खाण ब्यूरो आठवतो. हा ब्यूरो खनिजाची सरासरी विक्रीकिंमत जाहीर करतो. लोहखनिजावरील स्वामित्वधन त्या किमतीच्या १५ टक्के. २०१५ च्या कायद्यातील दुरुस्तीनंतर जुन्या खाणपट्ट्यांना स्वामित्वधनाच्या आणखी ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते, आणि सुरजागडचा पट्टा २००७ सालचा आहे. म्हणजे १०० रुपयांच्या खनिजामागे १५ रुपये राज्याच्या तिजोरीत आणि साडेचार रुपये जिल्ह्याच्या नावे. पुढे खनिजाचे पोलाद, पोलादाचा पत्रा आणि पत्र्याची मोटार होताना किंमत कितीही पटींनी चढो, हा हिशेब खाणीच्या तोंडाशीच मिटतो. घुग्घूसला आणि आता कोनसरीला खनिजावर प्रक्रिया होते, ही बाब जमेच्या बाजूला मांडलीच पाहिजे. तथापि खाणीची वार्षिक मर्यादा २०२३ साली ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर गेली, तेव्हा डोंगर झिजण्याचा वेग तिपटीहून अधिक झाला. माडियांच्या लेखी तेथे ठाकूरदेवाचे ठाणे आहे. त्याची सरासरी किंमत कोणताच ब्यूरो काढीत नाही.

गडचिरोलीच्या नावावर एक ‘पहिले’ आहे, ते मार्गदर्शक पुस्तकात असो वा नसो. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे सामूहिक वनहक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी एक, साल २००९. २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक तेथील ग्रामसभेच्या हाती आले. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. मेंढ्याने पहिले येऊन बाजार अडविला नाही, मागून येणाऱ्यांसाठी पायवाट पाडली. परंतु ही वाट डोंगराच्या पायथ्याशी थांबते. १९९६ च्या पेसा कायद्यात खाणपट्ट्यापूर्वी ग्रामसभेची वा पंचायतीची शिफारस लागते ती गौण खनिजांसाठी. मुरूम गौण, रेती गौण, लोखंड प्रमुख. जे जितके मोलाचे, तितका गावाचा शब्द हलका.

एवढे असूनही एक दार उघडे आहे. अनुसूचित क्षेत्रातील खाणबाधित गावांत प्रतिष्ठानाच्या पैशातून घ्यावयाच्या कामांना ग्रामसभेची मान्यता हवी आणि वर्षअखेर झालेल्या कामांचा अहवाल तिच्यापुढे ठेवला पाहिजे, असे केंद्राच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलेले आहे. एटापल्लीच्या कार्यकर्त्यांनी येत्या ग्रामसभेत तेवढेच विचारावे: त्या साडेचार रुपयांचा अहवाल कोठे आहे, आणि तो माडियातून वाचून कोण दाखविणार?