विश्लेषण : हिंगोलीच्या ‘लायगो’साठी लिनक्स ‘कर्नल’ची जुळणी महत्त्वाची का?

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा साकारणार आहे. २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ६ एप्रिल २०२३ रोजी मंजुरी दिली. चार किलोमीटरच्या दोन भुजा, लेझर आणि टांगते आरसे यांची चर्चा बरीच झाली. मात्र हे आरसे जागेवर धरून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल फारसे बोलले जात नाही. हे सॉफ्टवेअर आणि त्याखालील ऑपरेटिंग सिस्टीम यांची जुळणी आधीच तपासणे का आवश्यक आहे, याविषयी...

लायगोचा लिनक्सशी संबंध काय?

लायगोचे मुख्य आरसे प्रत्येकी ४० किलो वजनाचे आहेत. प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका बदल टिपण्यासाठी ते स्थिर ठेवावे लागतात. अमेरिकेतील दोन्ही लायगो केंद्रांत हे काम करणारे अनेक नियंत्रण प्रोग्राम सेकंदाला १६,३८४ वेळा गणित करतात. म्हणजे एका फेरीला मिळतात जेमतेम ६१ मायक्रोसेकंद. साध्या प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टीम मध्येच थांबवू शकते. म्हणून हे प्रोग्राम लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘मॉड्यूल’ म्हणून बसवले जातात आणि प्रोसेसरचा एकेक कोअर त्यांच्यासाठी राखून ठेवला जातो. हिंगोलीच्या यंत्राचे प्रमुख भाग अमेरिकेतील लायगोकडूनच येणार असून रचनाही तीच आहे.

कर्नल बदलला तर काय बिघडते?

नव्या कर्नलवर जुने साधे प्रोग्राम चालत राहतील, याची काळजी लिनक्स कटाक्षाने घेते. कर्नलच्या आत बसणाऱ्या मॉड्यूलना मात्र अशी हमी नाही. आतील फंक्शनची नावे, त्यांना द्यायची माहिती, डेटाची रचना हे सारे आवृत्तीगणिक बदलू शकते आणि लिनक्सचे ते जाहीर धोरण आहे. उदाहरणार्थ, कर्नलमधील माहिती फाइलच्या रूपात दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ सुविधेसाठी लागणारी रचना मार्च २०२०च्या ५.६ आवृत्तीत बदलली. जुन्या पद्धतीने लिहिलेली मॉड्यूल त्यानंतर कंपाइल होईनात.

बांधणीच्या वेळची तपासणी कशी होते?

मॉड्यूल ज्या कर्नलवर चालवायचे, त्याच्याच हेडर फाइल वापरून ते कंपाइल केले जाते. हवे असलेले फंक्शन कर्नलमध्ये नसेल किंवा त्याचे स्वरूप बदलले असेल, तर तिथेच त्रुटी दिसते. आवृत्तीचा क्रमांक पाहून निर्णय घेणे ही सोपी पद्धत आहे, पण ती फसवी ठरू शकते. अनेक वितरक नव्या कर्नलमधील बदल जुन्या क्रमांकाच्या कर्नलमध्ये आणतात. त्यामुळे एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरसारखी सॉफ्टवेअर बांधणीआधी छोटे चाचणी प्रोग्राम कंपाइल करून पाहतात. चाचणी कंपाइल झाली की एक मार्ग, नाही झाली की दुसरा. याशिवाय फंक्शनच्या स्वरूपावरून काढलेली बेरीज-खूण मॉड्यूलमध्ये नोंदवण्याची सोय आहे. ती जुळली नाही, तर मॉड्यूल चढवायला कर्नल नकार देतो.

तपासणी राहून गेली तर?

१९ जुलै २०२४ची घटना आठवावी. ‘क्राउडस्ट्राइक’च्या सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले, भारतातही विमान प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथे कर्नलची आवृत्ती बदललेली नव्हती, पण चूक याच जातीची होती. दोन भागांतील करार जुळत नव्हता. एका भागाला २१ माहिती-घटक अपेक्षित होते, दुसरा २०च देत होता. ही संख्या कंपाइल करताना तपासली गेली नाही, हे कंपनीने आपल्या अहवालात पहिल्याच निष्कर्षात नमूद केले.

या तपासणीच्या मर्यादा कोणत्या?

मॉड्यूल कंपाइल झाले म्हणजे ते ठरलेल्या वेळेत चालेलच असे नाही. फंक्शनचे नाव आणि स्वरूप तेच राहून आतले वर्तन बदलले, तर कंपायलरला ते कळत नाही. ६१ मायक्रोसेकंदांची मर्यादा पाळली जाते का, हे खऱ्या यंत्रासारख्या चाचणी संचावरच कळते. बांधणीची तपासणी ही पहिली चाळणी आहे, शेवटची नव्हे.

हिंगोलीसाठी धडा काय?

वेधशाळेचे आयुष्य दशकांत मोजले जाते. लायगो वापरत असलेल्या डेबियन लिनक्सच्या एका आवृत्तीला मात्र सुमारे पाच वर्षेच सुरक्षा अपडेट मिळतात. म्हणजे हिंगोलीत कर्नल अनेकदा बदलावा लागेल. त्यात दुसरी गोष्ट अशी की, गुरुत्वीय लहर आकाशात नेमकी कुठून आली हे ठरवण्यासाठी दूरदूरची केंद्रे एकाच वेळी चालू असावी लागतात. अपडेटनंतर मॉड्यूल चढले नाही आणि केंद्र बंद राहिले, तर त्या काळात आलेली लहर पुन्हा मिळत नाही. त्यामुळे येऊ घातलेल्या कर्नलवर नियमित बांधणी करून पाहणे, नंतर चाचणी संचावर चालवणे आणि मगच वेधशाळेत बसवणे हा क्रम आवश्यक ठरतो. पुण्याची ‘आयुका’, इंदूरची ‘आरआरकॅट’ आणि गांधीनगरची ‘आयपीआर’ या सहभागी संस्थांना आरसे आणि लेझरच्या तज्ज्ञांइतकीच कर्नल जाणणाऱ्या अभियंत्यांची फळीही उभारावी लागेल.