नांव नवीन पनवेल, गांव सुकापूर

घर घेण्याच्या विचारांत असलेला मनुष्य आमच्याकडे सल्ला मागावयास आला म्हणजे तो तीन प्रश्न विचारतो, आणि ते नेहमीं त्याच क्रमानें येतात. स्टेशन किती मिनिटांवर आहे? पाणी किती वेळ येतें? विमानतळामुळें भाव किती चढेल? चवथा प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाहीं. आम्हांस सुकापुरास राहावयास येऊन आठ वर्षें झालीं. येण्यापूर्वीं आम्हींही तो विचारला नव्हता. हें आरंभींच कबूल करतों, म्हणजे पुढें आमची लेखणी जरा तिखट झाली तरी तिचा पहिला फटका आमच्याच पाठीवर बसला आहे, हें वाचकांच्या ध्यानांत राहील.

तो प्रश्न अगदीं साधा आहे. आपण ज्या ठिकाणीं बिऱ्हाड नेणार तें गांव आहे कीं शहर, आणि त्याचा कारभार कोण पाहतें? आमच्या वर्गांतील सुशिक्षितांस ह्या प्रश्नाची आवश्यकताच वाटत नाहीं, कारण त्याचें उत्तर जाहिरातीनें परस्पर देऊन टाकलेलें असतें. जाहिरातींत मोठ्या अक्षरांनीं 'न्यू पनवेल' छापतात, आणि सुकापूर हें नांव, असलेंच तर, कोपऱ्यांत अंग चोरून बसलेलें असतें. रस्त्याचें नांव 'माथेरान रोड'. तो रस्ता सुकापुरावरून नेऱ्याकडे व पुढें माथेरानच्या पायथ्याच्या धोदाणीपर्यंत जातो. तेथून वर जावयाचें तर पायवाटेनें डोंगर चढावा लागतो. आमचे एक मेहुणे ह्या नांवावर विसंबून सहकुटुंब मोटारीनें निघाले आणि दुपारीं परत येऊन आमच्याच पंगतीला बसले. नांवांनीं एवढेंच फसविलें असतें तर आम्हीं हा लेख लिहिला नसता.

सुकापूर हें पालीदेवद ग्रामपंचायतीचें गांव. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं पनवेल महानगरपालिका स्थापन झाली तेव्हां जुन्या नगरपालिकेच्या जोडीला २९ गांवें तिच्यांत गेलीं. हें गांव त्यांत नव्हतें. शेजारची नवीन पनवेल ही सिडकोनें आंखून बसविलेली वसाहत महानगरपालिकेंत गेली, सुकापूर बाहेर राहिलें. तत्पूर्वीं, २०१३ च्या जानेवारींत, नव्या विमानतळाच्या भोंवतालच्या मुलुखाविषयीं अधिसूचना निघाली. त्या मुलुखास लोक 'नैना' म्हणतात. तेव्हांपासून तेथील बांधकामास परवानगी देण्याचें काम सिडकोकडे आलें. सारांश, घरपट्टी भरावयाची ती ग्रामपंचायतींत, इमारतीचा नकाशा मंजूर व्हावयाचा तो सिडकोकडे, आणि जमिनीचा सातबारा पाहावयाचा तो तलाठ्याच्या दप्तरीं. गंमत अशी कीं २०११ च्या जनगणनेनें पालीदेवदची नोंद शहर म्हणून केली आहे. पांच हजारांहून अधिक वस्ती, चौरस किलोमीटरमागें किमान चारशें माणसें, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकीं किमान तीनचतुर्थांश शेतीबाहेरच्या उद्योगांत, एवढें भरलें कीं जनगणना त्या ठिकाणास शहर म्हणते; मग कारभार पंचायतीचा असला तरी तिची कांहीं हरकत नसते. तेव्हां हें ठिकाण कायद्यानें खेडें, जनगणनेनें शहर आणि जाहिरातीनें नवीन पनवेल. ह्या तिहींपैकीं नवागतास ठाऊक असतें तें फक्त शेवटचें, आणि तेंच तेवढें खोटें आहे.

ह्या अज्ञानाचा पहिला दंड रोख पैशांत भरावा लागतो. इमारतीला परवानगी कोणी दिली व कोणत्या सालीं दिली, जमीन बिनशेती झाली होती काय, भोगवटा प्रमाणपत्र मिळालें आहे काय, प्रकल्पाची महारेराकडे नोंद आहे काय, हे प्रश्न विचारावयास वकील लागत नाहीं. परंतु नमुन्याच्या सदनिकेंत शिरल्यावर आमच्यांतले पदवीधर स्वयंपाकघराचा ओटा किती लांब आहे हें हातानें मोजतात आणि कागदपत्रांविषयीं "ते सारें ठीक असेल" असें म्हणून मोकळे होतात. परीक्षेच्या पेपरांत 'असेल' लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आम्हीं कधीं गुण दिल्याचें स्मरत नाहीं.

दुसरा दंड रोज थोडाथोडा भरावा लागतो, आणि तो आयुष्यांतून. हार्बरची लोकल १९९८ सालीं पनवेलीस पोंचली. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसापर्यंतचें अंतर सुमारें ४९ किलोमीटर, आणि त्यास साधारण ऐंशीं मिनिटें लागतात. जाहिरात हीं मिनिटें मोजते. घरापासून स्टेशनापर्यंतच्या रिक्षेचीं, फलाटावर उभें राहण्याचीं, आणि पावसांत गाडी खोळंबली तर त्या खोळंब्याचीं मिनिटें ती मोजीत नाहीं. दिवसाचे चार तास प्रवासांत गेले म्हणजे मनुष्य घरीं येतो तो केवळ निजावयास. मुलें 'बाबा आले' असें म्हणत नाहींत, 'बाबा उद्यां किती वाजतां जाणार' असें विचारतात. हें दुःख खरें आहे, आणि त्याची आम्ही थट्टा करणार नाहीं. आमची तक्रार ह्या दुःखावरून काढलेल्या निष्कर्षाविषयीं आहे. मनुष्य म्हणतो, "मी येथें फक्त झोपतों, तेव्हां येथल्या उठाठेवींशीं माझा संबंध काय?"

पनवेलकडे केवळ मुक्कामाची जागा म्हणून पाहण्याची खोड जुनी आहे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता झाला तेव्हां पुण्यास जाणारे मुंबईकर पडावानें पनवेल बंदरास उतरत आणि तेथून गाड्या जोडून घाटाकडे निघत. १८६३ सालीं आगगाडी घाट चढली, तशी ही वर्दळ ओसरली. परंतु त्या काळचा उतारू सकाळीं पुढें जात असे. त्यानें पनवेलीस घर बांधून पनवेलीची ओळख नाकारली नाहीं. नव्या मुंबईची कल्पना मांडणाऱ्यांस तर असा उतारू मुळींच नको होता. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनीं १९६५ च्या सुमारास 'मार्ग' नियतकालिकांतून जी योजना पुढें ठेविली तिच्यांत खाडीपलीकडे राहण्याबरोबर कामधंदाही असावा हाच मुद्दा होता. इंग्लंडांत एबेनेझर हॉवर्डनें १८९८ सालच्या आपल्या पुस्तकांत तेंच सांगितलें होतें, आणि १९०३ मध्यें लेचवर्थ येथें त्याचा प्रारंभ करून दाखविला. आमच्याकडे १९७० सालीं सिडको स्थापन झाली, रस्ते झाले, इमारती झाल्या. पण मंत्रालय जेथें होतें तेथेंच राहिलें, आणि घरांचा पसारा मात्र आंखलेल्या शहराची शींव ओलांडून सुकापुरासारख्या खेड्यांच्या भातखाचरांत उतरला.

हीं खाचरें कोणाचीं होतीं? आम्हांस हें एका भाजीवालीनें सांगितलें. आमच्या इमारतीच्या फाटकाशीं सकाळीं ती बसते. एके दिवशीं मुळ्याची जुडी हातांत देतां देतां ती सहज म्हणाली, "सर, तुमची गाडी उभी राहते ना, तिथं आमचं भात मळायचं खळं होतं." तिच्या बोलण्यांत राग नव्हता, राग असता तर आम्हांस उत्तर सुचलें असतें. "पैसे मिळाले असतील ना?" असें आमच्या तोंडून निघालें. ती म्हणाली, "मिळाले की. चार भावांत वाटले." एवढें बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. त्या दिवशीं घरीं गेल्यावर आमच्या कुटुंबानें मुळ्यांचा भाव विचारला, तो आम्हांस सांगतां आला नाहीं.

ह्या तालुक्यांत व शेजारच्या उरणांत जमीन हा शब्द उच्चारतांना जपावें लागतें, ह्याचें कारण नवागतास माहीत नसतें. १९८४ च्या जानेवारींत सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर आले, जासई व नवघरच्या बाजूस गोळीबार झाला, आणि पांच जण प्राणांस मुकले. पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली ती ह्या रक्ताच्या किंमतीनें. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं उद्घाटन झालेल्या विमानतळास पाटलांचें नांव असावें म्हणून येथील माणसें इतकीं वर्षें कां आग्रह धरून आहेत, हें ज्यास समजून घ्यावयाचें नाहीं त्यानें विमानतळामुळें आपल्या घराचा भाव किती वाढला हेंही मोजूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. आमच्या इमारतींत संध्याकाळीं चार माणसें जमलीं कीं एक वाक्य हमखास ऐकूं येतें: "हे ग्रामपंचायतवाले काय करणार! महानगरपालिकेंत गेल्याशिवाय गति नाहीं." महानगरपालिकेंत जावें कीं न जावें, ह्याविषयीं दोन्ही बाजूंनीं बोलण्यासारखें पुष्कळ आहे, व जाण्याच्या बाजूचीं कारणें आम्हांस ठाऊक आहेत. पण ह्या वाक्यांत कारण नसतें. त्यांत असते ती खेड्याविषयींची तुच्छता. महानगरपालिकेंत आपण नगरसेवकाचें तोंड पांच वर्षांनीं एकदां पाहतों. उलट ग्रामपंचायतीच्या कायद्यानें, म्हणजे १९५८ च्या अधिनियमानें, गांवच्या मतदारयादींत नांव असलेला प्रत्येक स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद असतो. वर्षांतून निदान चार सभा घ्याव्या लागतात, जमाखर्च सभेपुढें ठेवावा लागतो, कोणतें काम आधीं व कोणतें मागून हें तेथें विचारतां येतें. मोठ्या गांवांतही शंभर सभासद जमले कीं सभेची गणसंख्या पुरी होते. शंभर! आमच्या एका संकुलांत ह्याहून अधिक मतदार गणपतीच्या आरतीला उभे राहतात. ज्या वर्गानें मिल आणि रूसो वाचले, ज्यानें अथेन्सच्या लोकसभेवर निबंध लिहून बक्षिसें मिळविलीं, त्याच्या दाराशीं अथेन्स येऊन उभें आहे, आणि तो खिडकी लावून घेत आहे, कारण सभा मराठी शाळेच्या पटांगणांत भरते व तेथें बसावयास सतरंजी असते.

"आम्हांस वेळ कोठें आहे?" ह्या आक्षेपाचें उत्तर पंचांगांतच आहे. सभा पुष्कळदां २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशीं ठेवतात. त्या दिवशीं लोकल पकडावयाची नसते. त्या दिवशीं आम्ही संकुलांत झेंडा लावतों, जिलबी खातों, आणि कर्नाळ्यास पक्षी पाहावयास जातों. उन्हाळ्यांत पाणी कमी पडलें कीं टँकर मागवितों, त्याचा खर्च घरोघर वांटून घेतों, कुरकुर करीत कां होईना पण भरतों; आणि ज्या सभेंत पाण्याच्या योजनेचा विषय निघावयाचा तेथें आमच्यांतला एकही जात नाहीं. नदीचेंही तेंच. गाढी नदी माथेरानच्या डोंगरांतून निघून नेऱ्याच्या खोऱ्यांतून नवीन पनवेलच्या कडेनें खाडीस मिळते. २६ जुलै २००५ च्या पुरांत तिनें पनवेलच्या भागांत काय केलें हें जुन्या रहिवाशांस विचारावें. कोणता ओढा कोठें वळत होता, कोणत्या खाचरांत पाणी मुरत होतें, ही माहिती आमच्या इमारतीच्या नकाशांत नाहीं, ती भाजीवालीच्या डोक्यांत आहे. आणि आम्ही तिच्याशीं मुळ्यांपलीकडे बोलत नाहीं.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. "तेथें आमचें ऐकणार कोण? आम्ही बाहेरचे." खरें आहे. नवागतांची वस्ती एकगठ्ठा मतदानास उतरली तर मूळ गांवकरी आपल्याच गांवांत अल्पसंख्य होतील, ही भीति त्यांच्या मनांत असणें स्वाभाविक आहे, आणि ती अनाठायीं आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. पण बाहेरचे म्हणवून घेण्यांत आमचीही सोय आहे, हें लपवून काय उपयोग? बाहेरच्यावर कर्तव्य नसतें. आमच्यांतील कित्येकांचीं नांवें अजून गिरगांव, दादर, सातारा, चिपळूण येथल्या मतदारयाद्यांत आहेत. घर येथलें, पाणी येथलें, मुलांची शाळा येथली, आणि मत मात्र आजोबांच्या चाळीच्या पत्त्यावर!

गेल्या २६ जानेवारीस आम्ही ग्रामसभेस गेलों. आमच्या शेजारी जुनें धोतर नेसलेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनीं सरकून जागा दिली व कोणत्या इमारतींतून आलां असें विचारलें. हजेरीचें पुस्तक फिरत फिरत आमच्यापाशीं आलें. लिहिणाऱ्या मुलानें नम्रपणें विचारलें, "सर, यादींत नांव आहे ना?" आम्ही पंचवीस वर्षें नागरिकशास्त्राचे निरीक्षक होतों. आमचें नांव दादरच्या यादींत आहे, असें त्यास सांगावें लागलें. त्यानें पुस्तक पुढें नेलें. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "बसा हो, ऐकायला कोण नको म्हणतो?" आम्ही दोन तास बसून ऐकलें. विषय तीन झाले: रस्त्यावरचे दिवे, एका विहिरीचा गाळ, आणि शाळेची भिंत. विहीर आमच्या इमारतीपासून दोनशें पावलांवर आहे. ती आम्हीं त्या दिवसापर्यंत पाहिली नव्हती.

दुसऱ्या दिवशीं निवासस्थान बदलल्याचा नमुना ८ आम्हीं भरला. आमच्या कुटुंबाचाही भरला. खालच्या मजल्यावरील बँकेंतल्या गृहस्थांस तसाच एक कोरा नमुना नेऊन दिला, तेव्हां त्यांनीं तो उलटून पाहिला आणि विचारलें, "प्रोफेसरसाहेब, विमानें सुरू झालीं, आतां आपल्याकडे चौरस फुटाला काय भाव बोलतात?"