क्रांतिक भाराचा एकटा आकडा

हायस्पीड स्टीलच्या ड्रिलवर चढवलेला टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप जेमतेम २ ते ४ मायक्रॉन जाडीचा असतो, आणि तो धातूला किती घट्ट धरून आहे हे थेट ओढून मोजू गेल्यास बहुधा लेपाआधी इपॉक्सी गोंदच तुटतो. त्यामुळे कठीण लेपांचे आसंजन, म्हणजे आधारधातूवरील त्यांची पकड, अप्रत्यक्ष चाचण्यांनीच पारखावी लागते. त्यांपैकी ओरखडा चाचणीत सहसा २०० मायक्रॉन त्रिज्येचे हिऱ्याचे टोक वाढत्या भाराखाली लेपावरून सरकवले जाते आणि भेगा पडणे, टवके उडणे, खालचा धातू उघडा पडणे या टप्प्यांचे भार क्रांतिक भार म्हणून नोंदवले जातात.

हा आकडा लेपाच्या पकडीचे माप म्हणून प्रमाणपत्रावर छापला जातो, ते मात्र बरोबर नाही. आधारधातू मऊ असेल तर तो टोकाखाली दबतो, लेप त्याच्याबरोबर वाकतो आणि पकड चांगली असूनही कमी भाराला तडकतो. उलट तोच लेप टंगस्टन कार्बाइडवर पुष्कळ अधिक भार सोसतो. लेपाची जाडी बदलली तरी आकडा बदलतो. सर्वांत फसवी बाब टोकाच्या झिजेची आहे, कारण झिजून बोथट झालेले टोक तोच भार अधिक क्षेत्रफळावर पसरवते आणि क्रांतिक भार वाढल्याचा भास होतो. म्हणजे दुर्लक्षित यंत्रावर लेप उत्तम ठरू शकतो! ध्वनिसंवेदक भेग पडल्याचे कळवतो, पण ती लेपाच्या अंगात पडली की लेप धातूपासून सुटला, हे ओरखडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावाचून ठरत नाही.

रॉकवेल ठसा चाचणी सोपी व स्वस्त आहे. १५० किलोग्रॅम भाराने उमटवलेल्या ठशाभोवतीची मोडतोड एचएफ १ ते एचएफ ६ या चित्रांशी ताडून पाहिली जाते आणि एचएफ ४ पर्यंतचा लेप स्वीकारला जातो. तीत मोजमापापेक्षा नजरेचा भाग मोठा असल्याने रोजच्या तपासणीपलीकडे तिच्यावर भिस्त ठेवू नये.

लेपन करणाऱ्यांनी प्रमाणपत्रावर आधारधातूची कठीणता, लेपाची जाडी, टोकाची त्रिज्या व ते शेवटचे तपासल्याची तारीख, भारवाढीचा वेग आणि ओरखड्याचे छायाचित्र द्यावे. खरेदीदारांनीही नुसता आकडा लिहिलेले प्रमाणपत्र परत पाठवावे.