विनाइलच्या आवरणाची हमी कोणाची?

सातारा, कराड, सांगली आणि मिरज येथे ज्यांना लोक अजूनही ‘रेडियमची दुकाने’ म्हणतात, त्यांचा धंदा गेल्या काही वर्षांत बराच पालटला आहे. नंबरपट्टीवरील आकडे आणि टेम्पोच्या काचेवरील कुलदैवताचे नाव कापून देणारा कारागीर आता सबंध मोटार विनाइलच्या पातळ आवरणात मढवून देऊ लागला आहे. पतपेढीचे कर्ज काढून घेतलेल्या गाडीचा मूळ रंग जपावा म्हणून एखादा शिक्षक हे आवरण लावून घेतो. दूध वा भाजीपाला वाहणारा टेम्पोवाला आपल्या धंद्याची जाहिरात म्हणून घेतो. खर्च काही हजारांपासून लाखाच्या घरापर्यंत जातो. ‘पाच वर्षांची गॅरंटी’ हे शब्द दुकानात तोंडी उच्चारले जातात. दुसऱ्या उन्हाळ्यात टपावरील विनाइल तडकू लागते, दरवाज्याच्या कडा उचलल्या जातात, आणि ती गॅरंटी नेमकी कोणी दिली होती हा प्रश्न तेव्हा प्रथम उपस्थित होतो.

या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. विनाइलची फिल्म स्थूलमानाने दोन प्रकारची असते. एक द्रवरूपात ओतून सुकवलेली, जिला दुकानदार ‘कास्ट’ म्हणतात. ती साधारण ५० मायक्रॉन जाडीची, वळणावर सहज बसणारी आणि महाग. दुसरी तापलेल्या रुळांमधून लाटून काढलेली. ती जाड व स्वस्त, परंतु लाटताना आलेला ताण तिच्यात शिल्लक राहत असल्यामुळे कालांतराने आकसणारी. सपाट फलकावर दुसरी चालते. मोटारीच्या खोलगट वळणांवर ती फार काळ टिकत नाही. चकचकीत नव्या गाडीवर दोन्ही सारख्याच दिसतात, आणि सामान्य गिऱ्हाइकाला त्यांतील फरक ओळखता येत नाही. थ्री-एम किंवा एव्हरी डेनिसन यांसारख्या कंपन्या आपल्या फिल्मची हमी देतात खऱ्या. परंतु ती कोणत्या मालिकेची, कोणत्या प्रदेशात आणि गाडीच्या कोणत्या भागावर, यानुसार तिची मुदत बदलते. उभ्या बाजूंना जी मुदत मिळते ती टप व बॉनेट यांसारख्या आडव्या भागांना मिळत नाही, कारण सूर्याचे ऊन तेथे थेट पडते. कडक उन्हाच्या प्रदेशांसाठी ती आणखी कमी होते. ‘पाच वर्षे’ हा आकडा सांगताना दुकानदार यांपैकी काहीच सांगत नाही. बहुधा त्यालाही ते कोणी सांगितलेले नसते.

सातारा-सांगलीचा भूगोल येथे विशेष लक्षात घ्यावा लागतो. माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण आणि उन्हाने तापणारे. महाबळेश्वर, पाटण आणि शिराळ्याचा पश्चिम भाग धो धो पावसाचा. जतच्या बाजारपेठेत दिवसभर उन्हात उभ्या असणाऱ्या गाडीवरील विनाइल आणि महाबळेश्वरच्या पावसात चार महिने भिजणाऱ्या गाडीवरील विनाइल यांचे आयुष्य एक कसे असेल? त्यातच ऊसतोडणीच्या हंगामात धुळीने माखलेली गाडी वॉशिंग सेंटरवर नेऊन दाबाच्या पाण्याने धुण्याची पद्धत सार्वत्रिक आहे. जवळून मारलेल्या अशा फवाऱ्याने कडा उचलल्या गेल्यास ती हानी बहुतेक हमीपत्रांतून वगळलेली असते. कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत ज्यांची वाहने पाण्यात राहिली, त्यांचे नुकसान तर हमीच्या कोणत्याच कलमात बसणारे नव्हते.

खरी मेख मात्र पुढेच आहे. फिल्म बनवणारी कंपनी एक, ती विकणारा पुण्याचा वा मुंबईचा वितरक दुसरा, आणि ती चिकटवणारा स्थानिक कारागीर तिसरा. फिल्म तडकली तर कारागीर मालाला दोष देतो. कडा उचलल्या तर वितरक कारागिराला दोष देतो. ताणून बसवलेल्या फिल्मला शेवटी पुन्हा पुरेशी उष्णता दिली नाही तर ती मूळ आकाराकडे परत जाऊ पाहते, आणि दोष कामाचा की मालाचा हे सांगणे जाणकारालाही कठीण होते. कंपनीची हमी बहुधा फिल्मपुरती असते. जुनी फिल्म काढणे, गोंद साफ करणे आणि नवी लावणे यांची मजुरी कोणी द्यायची, याबाबत कागदावर मौन असते.

उत्पादक आणि विक्रेता यांच्यातील ही भिंत न्यायालयांनीही मान्य केलेली आहे. गोव्यातील एका ग्राहकाने २०११ सालच्या बनावटीची म्हणून मोटार घेतली आणि त्याच्या हाती २००९ सालची आली. जिल्हा मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत उत्पादक कंपनीलाही जबाबदार धरण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २०२१ च्या फेब्रुवारीत टाटा मोटर्सला त्या दायित्वातून मुक्त केले; कारण कंपनी आणि विक्रेता यांचा व्यवहार दोन स्वतंत्र धन्यांमधला होता, आणि विक्रेत्याच्या कृत्याची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झाले नव्हते. जी गोष्ट लाखांच्या मोटारीची, तीच तिच्यावरील आवरणाचीही होणार. तेव्हा ग्राहकाला प्रथम ज्याने पैसे घेतले त्यालाच गाठावे लागते.

गाठण्याचा मार्ग उपलब्ध आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा ग्राहकासाठी स्वतंत्र न्यायमंच नव्हता. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तो दिला. २०१९ चा नवा कायदा २०२० च्या जुलैपासून अमलात आला आणि त्याने एक मोलाची सोय केली: तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथील जिल्हा आयोगापुढे तक्रार करता येते. तासगावच्या कारकुनाने पुण्यात आवरण लावून घेतले असले तरी त्याला सांगलीतच दाद मागता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील नेमणे सक्तीचे नाही.

टेम्पोवाल्यांच्या मनात एक शंका असते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही, असे त्यांना सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स या महाराष्ट्रातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले की, स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा वा मालमोटार घेणारा मनुष्य ग्राहकच होय. पाच-पंचवीस गाड्या चालवणाऱ्या मालकाची गोष्ट निराळी.

परंतु कायद्याच्या या दारापाशी पोचेपर्यंत बहुतेकांचा वेळ निघून गेलेला असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन या’, ‘कंपनीचा माणूस येणार आहे’ अशा निरोपांत महिने सरतात, आणि नुसत्या निरोपांनी वा पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. शिवाय हमीपत्रातील अटीच अन्याय्य आहेत, असे म्हणायचे असेल तर जिल्हा आयोग ती तक्रार ऐकू शकत नाही. अन्याय्य कराराविरुद्धची दाद राज्य आयोगाकडे मागावी लागते. पंधरा हजारांच्या कामासाठी हे कोण करील? सेवेतील त्रुटी म्हणून तक्रार मांडली तरच ती जिल्ह्यात राहते, हे सांगणारा सल्लागार मात्र हाताशी असावा लागतो. मालात दोष आहे की नाही हे पाहण्यासाठी आयोग नमुना प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचे शुल्क मात्र प्रथम तक्रारदारानेच भरायचे असते.

आवरण लावून रंग पालटला की आणखी एक गुंता उद्भवतो. वाहनाचा रंग नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेला असतो. एमएच ११, एमएच ५० वा एमएच १० असा क्रमांक असलेली पांढरी गाडी काळी होऊन रस्त्यावर आली, तर परिवहन कार्यालयातील नोंद आणि प्रत्यक्ष वाहन यांचा मेळ राहत नाही. अपघातानंतर विम्याच्या वेळी हा मुद्दा निघाला, तर रेडियमवाला तेथे साक्षीला येणार नाही. रंगाची नोंद बदलून घ्यावी लागते, हे दुकानात सांगितले जात नाही. काचांवरील काळ्या फिल्मविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये आदेश दिल्यानंतरही कित्येक दुकानांत ती मागेल त्याला लावून मिळत होती, यावरून या धंद्याची सवय दिसते.

२०१९ च्या कायद्याने बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. या जिल्ह्यांतील पुष्कळ व्यवहार आजही कच्च्या चिठ्ठीवर होतात, आणि त्या चिठ्ठीवर ‘फुल रॅप’ एवढेच लिहिलेले असते. फिल्मच्या कंपनीचे नाव, मालिका, रोलचा क्रमांक, काम पूर्ण झाल्याची तारीख, आणि हमी टपाला किती व बाजूंना किती, एवढ्या नोंदी असलेले पक्के बिल ग्राहकाने पैसे मोजण्यापूर्वी मागितले, तर आयोगापुढे तिघांपैकी कोणाला उभे करायचे हे निदान ठरवता येईल. रोलच्या गाभ्यावर क्रमांक छापलेला असतो. काम चालू असताना त्याचे छायाचित्र मोबाइलवर घेण्यास दुकानदाराने हरकत घेतली, तर ती फिल्म गाडीला लागण्यापूर्वीच गाडी बाहेर काढलेली बरी.