वेदी, पडदा आणि आपले कर्तव्य

करोनाच्या साथीत 2020 साली चर्चची दारे बंद झाली आणि पवित्र मिस्सा मोबाइलच्या पडद्यावरून घरोघरी पोहोचली. पोप फ्रान्सिस यांची दैनंदिन मिस्साही तेव्हा थेट प्रक्षेपित होत असे. मात्र त्याच वर्षी मे महिन्यात इटलीत भाविकांसह उपासना पुन्हा सुरू होताच ते प्रक्षेपण थांबवण्यात आले. यातील बोध महत्त्वाचा आहे.

ख्रिस्तसभेने तंत्रज्ञान सरसकट नाकारलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 मधील उपासनाविषयक दस्तऐवजाने रेडिओ व दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण संयमाने आणि गांभीर्याने व्हावे, असे सांगितले. भाविकांचा पूर्ण, सजग व सक्रिय सहभाग हेही त्याच दस्तऐवजाचे आग्रहाचे सांगणे. आमच्या मते हीच खरी कसोटी होय. पडद्यावरील शब्द वाचून मागच्या बाकावरचा भाविक गाऊ लागला, तर ते यंत्र उपासनेची सेवा करते. वेदीकडे पाहण्याऐवजी मोबाइल उंचावले गेले, तर तेच यंत्र अडथळा ठरते. पोप फ्रान्सिस यांनी 8 नोव्हेंबर 2017 रोजी याविषयी खेद व्यक्त करताना धर्मगुरू व बिशप यांनाही वगळले नव्हते. आम्हीही आत्मपरीक्षण करावयास हवे.

इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, हे व्हॅटिकनने 2002 साली स्पष्ट केले आहे. म्हणूनच अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांसाठी कॅमेरा लावला, की धर्मग्रामाचे कर्तव्य संपले असे मानता येणार नाही. मिस्सा पडद्यावर दिसेल. पवित्र कम्युनियन मात्र कोणीतरी त्यांच्या घरी न्यावयास हवे. ते आपण नेतो का?