गाळलेलं पाणी आणि न गाळलेली वीज



आपण पाणी गाळून घेतो. गाळण्यात राहिलेली जीवाणी आमच्या सासूबाई पुन्हा त्याच विहिरीत सोडायच्या, दुसऱ्या विहिरीत नाही. ज्या पाण्यातला जीव, त्याला त्याच पाण्यात परत. पण पंख्याचं बटण दाबताना त्यामागे काय आहे हे आपण कधी गाळून बघतो का? मी येलदरीला राहते, वीज जिथे तयार होते त्या गावात, म्हणून हा विचार मला जरा जास्त छळतो.

आमचं धरण पूर्णा नदीवर १९६८ साली पूर्ण झालं. साठा ९३४ दशलक्ष घनमीटर, आणि पायथ्याच्या वीजघरात साडेसात मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण साडेबावीस मेगावॅट. तिन्ही संच पूर्ण चालले तर तासाला २२,५०० युनिट. ऐकायला मोठं वाटतं. पण परळीच्या औष्णिक केंद्रातला नवा एकच संच २५० मेगावॅटचा आहे, म्हणजे अकरा येलदरी मिळून परळीचा एक संच. शिवाय आमचे संच बाराही महिने फिरत नाहीत. शेतीला पाणी सोडलं की खाली सिद्धेश्वरकडे जाता जाता ते वीज देऊन जातं. पाणी नाही तर वीज नाही.

आणि पाणी नव्हतंच, अशी वर्षं आपण बघितली आहेत. धरण मृतसाठ्यात गेलं तेव्हा काठावरच्या माणसांना तळाची भेगाळलेली माती दिसत होती. वरच्या अंगाला बुलढाण्यात खडकपूर्णा आहे. तिथे पाणी अडलं की आमच्याकडे उरेल तेवढं येतं. कोळशाला तरी पावसाची गरज नाही असं कुणाला वाटेल, तर तेही खरं नाही. पाण्यावाचून परळीचे संच २०१३ मध्ये बंद पडले आणि पुन्हा २०१५ मध्ये. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. वाफ करायला पाणी लागतं, वाफ थंड करायलाही पाणी लागतं. कोळशाच्या धुराने हवा तापते, तापलेल्या हवेत पाऊस लहरी होतो, आणि पाऊस चुकला की त्याच कोळशाची भट्टी विझते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये उलटं झालं, मराठवाड्यात सोयाबीन पाण्यात कुजलं. कोरडा आणि ओला, दोन्ही दुष्काळ आता एकाच दशकात भोगायचे.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर, म्हणून मला हे वहीसारखं दिसतं. ऊन, वारा, पाऊस हे उत्पन्न. यंदा खर्च केलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतं. कोळसा हे मुद्दल. कोट्यवधी वर्षांत साचलेलं, आपण दीड-दोनशे वर्षांत मोडून खातो आहोत. आपल्या समाजात मुद्दल मोडून दिवाळी करणाऱ्याला काय म्हणतात ते सांगायला नको.

आता मूळ गोष्टीवर येते. आमच्या भागातल्या एका मंदिराच्या सभागृहात पाच एसी बसवायचं चाललं आहे. दाते तयार आहेत, छतावर सौर पॅनलही बसवणार आहेत. म्हणजे वीज सूर्याची, दोष नाही, असं म्हणणं आहे. पॅनल जरूर बसवावेत, माझा पाठिंबा आहे. घरांसाठीही केंद्राच्या सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. आपल्याकडे ऊन काही कमी नाही, मे महिन्यात ४४-४५ अंश.

पण एसी लागणार दशलक्षण पर्वात, आणि तेही संध्याकाळच्या प्रवचनाला. भाद्रपदात आभाळ भरलेलं आणि प्रवचनाच्या वेळी सूर्य मावळलेला. आपण तर सूर्य मावळला म्हणून जेवण आवरतो, मग त्याच वेळी सूर्याची वीज कुठून येणार? दिवसा पॅनलने दिलेली वीज मीटरवर जमा होते, रात्री वापरलेली वजा होते, बिल शून्य येतं. वही जुळते, पण वेळ जुळत नाही. रात्री आठला एसीत जी वीज येते ती बरीचशी कोळशाचीच असते.

हिशोब करा. पाच मोठे एसी, प्रत्येकी तासाला दोन युनिट, रोज तीन तास, दहा दिवस. झाले ३०० युनिट. एका युनिटला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे दहा दिवसांच्या प्रवचनाला दोन क्विंटल कोळसा. आमच्या घरचं महिन्याचं बिल शंभरच्या आसपास युनिटांचं असतं. क्षमा, मार्दव, आर्जव ऐकायला तीन घरांची महिन्याभराची वीज! संयमाच्या दिवशीही एसी चालूच राहणार का, हे मी समितीतल्या एका भाऊंना विचारलं. ते हसले.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. त्यातला प्रमादचर्या मला नेहमी आजच्यासाठीच सांगितल्यासारखा वाटतो. माती, पाणी, अग्नी आणि वारा यांची कारणाशिवाय हालचाल करू नये, झाडपाला उगाच तोडू नये, असा त्याचा अर्थ. पृथ्वीकाय, जलकाय, अग्निकाय, वायुकाय, वनस्पतिकाय ही नावं आपल्याला लहानपणापासून तोंडपाठ आहेत. कोळशाच्या एका खाणीत पाचही येतात. धरणातही येतात, हेही मान्य करते. येलदरीच्या पाण्याखाली शेतं गेली, मासे संचात सापडतात. पूर्ण निर्दोष वीज कुठलीच नाही. गृहस्थाला हिंसा पूर्ण टळत नाही, म्हणून तर अणुव्रत आहे. पण लागेल तेवढं आणि उगाचचं यात फरक करायला शास्त्राने आपल्याला शिकवलं आहे.

कुणी म्हणेल, म्हाताऱ्या माणसांना उकाडा सोसत नाही. बरोबर आहे. मीही साठी ओलांडली आहे, मलाही गुडघे आहेत आणि घामही येतो. उन्हाळ्यात मुक्कामाला आलेल्या आजारी माणसासाठी धर्मशाळेच्या एका खोलीत एसी असू द्या, त्याला मी अर्थ म्हणते. सभागृहासाठी मात्र आधी छताला पांढरा चुना द्या, पश्चिमेच्या खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावा, जुने पंखे बदलून कमी विजेचे घ्या. आणि प्रवचन सकाळी अभिषेक-पूजेनंतर ठेवा, तेव्हा हवाही बरी असते आणि सुनांना रात्री लेकरं घेऊन यावं लागत नाही. (हे शेवटचं कारण पुरुषांच्या बैठकीत कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.) शिखरावरची रात्रभर चालणारी रोषणाई आरतीनंतर बंद केली तर किडे मरायचे थांबतील. त्याला तर पैसाही लागत नाही.

समितीची बैठक आषाढातल्या अष्टान्हिकेनंतर आहे. बायकांना बैठकीला बोलावत नाहीत, पण लेखी म्हणणं घेतात. मी एक पानाचा अर्ज हिशोबासकट तयार केला आहे. आतापर्यंत अकरा जणींच्या सह्या झाल्या आहेत. ज्यांना पटतंय त्यांनी मंगळवारच्या स्वाध्यायाला येताना चष्मा आणावा, म्हणजे आधी वाचून मग सही करता येईल.